उलटा आटा

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून हे सगळं घडलं. तोंड रिकामं असतं तर मी भंगारवाल्याला तिथल्या तिथे सांगितलं असतं, की बाबा रे, यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, तू आपली गाडी घेऊन जा. पण एका बाईच्या कोटाचं अस्तर उसवून नवीन लावत होते, ओठांत सहा-सात टाचण्या धरलेल्या, आणि मागच्या खोलीत भंगारवाल्याने मोटारसायकलच्या हँडलला हात घातला तेवढ्यात हे खुर्चीतून म्हणाले, "राहू दे." भंगारवाल्याने चटका बसावा तसा हात काढला. पुढच्या खोलीच्या दाराशी येऊन मला म्हणाला, "ताई, साहेब नको म्हणतायत. घरात एकमत झालं की बोलवा." आणि गेला. मी टाचण्या काढून उशीत खोचेपर्यंत त्याची हातगाडी कोपऱ्यावर पोचली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. सात महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी यांच्या शब्दाला शब्द समजलं होतं, आणि ते माणूस आमच्या घरातलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

हे म्हणजे माझा नवरा. सात महिन्यांपूर्वी यांच्या मेंदूत गुठळी अडकली, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचा सगळी गेली असंही नाही, दोन शब्द मागे राहिले. राहू दे. भूक लागली, राहू दे. उशी टोचते आहे, राहू दे. लेकीचा फोन कानाशी धरला की राहू दे, राहू दे, राहू दे, आणि पलीकडे ती रडत "हो बाबा, हो बाबा" म्हणत असते. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक वेळी उठून विचारायची, काय राहू दे, कशाचं राहू दे. मग घड्याळाच्या टिकटिकीची सवय होते तशी झाली. बोलणं शिकवणाऱ्या बाई आठ वेळा आल्या. चमच्याचं चित्र, कपाचं चित्र, खिडकीचं चित्र असं यांच्यासमोर धरत. हे प्रत्येक चित्राकडे नीट बघून, विचार करून, दर वेळी वेगळं काहीतरी सांगितल्याच्या चेहऱ्याने राहू दे म्हणत. आठव्या वेळी निघताना बाई सहज म्हणाल्या, की कधी कधी असं होतं म्हणतात, अगदी शेवटी जे बोललेलं असतं तेवढंच अडकून राहतं. मी चहाचे कप गोळा करत होते. एक कप हातातून सुटला पण फुटला नाही. पुढच्या आठवड्यापासून येऊ नका, असं मी त्यांना कळवलं आणि लेकीला सांगितलं, परवडत नाही. ते खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं.

गाडी मागच्या खोलीत नऊ वर्षं उभी होती. हे पाण्याच्या मीटरचे आकडे घ्यायचं काम करायचे, सव्वीस वर्षं, आणि त्यातली बहुतेक त्याच गाडीवर. शहरातला कुठला नळ कुठल्या भिंतीआड आहे आणि कुठल्या घरी कुत्रा सोडलेला असतो हे यांना आणि गाडीला सारखंच ठाऊक. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की मी शिलाईचं काम बाजूला सारून पातेलं चढवायची. मग एके दिवशी ती वाटेतच बंद पडली, हे तिला ढकलत घरी घेऊन आले, आणि निवृत्त झालो की बघतो म्हणाले. निवृत्त झाल्यावर म्हणाले, हिवाळा संपला की बघतो. मी त्या गाडीवर आधी चादर टाकली, मग चादरीवर गिऱ्हाइकांचे न नेलेले पडदे ठेवले, मग पडद्यांवर माझ्या दोऱ्यांचा डबा. गाडी असल्याचं मी विसरून गेले होते. माणूस घरात असतं तेही आपण असंच विसरतो.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातले मिस्त्री यांच्या ओळखीचे. त्यांना बोलावलं. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, किक दाबून बघितली, ती हलेना तेव्हा "इंजिन बसलंय" म्हणाले, आणि मग जो आकडा सांगितला तो ऐकून मला हसू आलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, एवढ्यात दुसरी चालती गाडी मिळेल तुम्हाला." मी म्हटलं, दुसरी गाडी यांच्या काय कामाची, आणि ही तरी कुणी चालवायची आहे. मला फक्त तिचा आवाज हवाय. मिस्त्रींनी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बहुतेक त्यांना वाटलं की माझ्याही डोक्याचे आटे ढिले झालेत. पण माणूस चांगला. मी म्हटलं, हात माझे, डोकं तुमचं. काय करायचं ते एकेक सांगत जा, आणि जे घरी होणारच नाही तेवढंच तुमच्याकडे आणीन. तेव्हा त्यांनी दोन पाने आणि एक तुटक्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणून दिला, आणि त्याबद्दल त्यांच्या दोन पँटी लांबीला कमी करायच्या ठरल्या. आवाज कशाला हवाय हे त्यांनी विचारलं नाही, तेही बरं झालं. मला वाटत होतं की त्या आवाजाने यांच्या तोंडून दुसरा एखादा शब्द निघेल. कुठलाही. शिवी निघाली असती तरी चाललं असतं. फक्त तो शब्द यांचा शेवटचा शब्द राहायला नको होता.

लेकीला हे फोनवर कळलं. ती हिशेबी आहे, माझ्यावर गेली आहे. तिचं म्हणणं, त्या पैशांत बाबांना चांगल्या चाकांची खुर्ची येईल. मी म्हटलं, कसले पैसे, एक प्लग आणि एक क्लचची वायर, बाकी सगळं घरातलंच. आणि ते खरं होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात काय नसतं. सोफ्याच्या कव्हरातून उरलेलं रेक्झिन होतं, त्याची सीट शिवली; जुनी सीट उसवून तिचे तुकडे कागदावर ठेवून बेतले आणि जाड सुईने दुहेरी शिलाई मारली. इंजिनाच्या झाकणांखाली कागदी पॅकिंग असतं, ते मिस्त्रींनी बाजारातून आणायला सांगितलं; मी कपडे बेतायच्या जाड कागदातून जुन्यावरून नवं कापलं, भोकं चामड्याच्या पंचने पाडली. मिस्त्रींनी ते हातात धरून उजेडासमोर बघितलं आणि झाकणावर ठेवून बघितलं. गंजलेल्या टाकीत व्हिनेगर ओतून वर मूठभर जुने नट टाकले आणि ती मांडीवर घेऊन हलवत बसायची, सकाळी तासभर, गिऱ्हाइकं यायच्या आत. खडखडाट व्हायचा. हे खुर्चीतून बघायचे. खोललेले स्क्रू मी बटणांच्या डब्यांत ठेवले, प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी. एकदा मात्र चूक झाली. कार्बोरेटरमधलं पितळेचं बारीक भोक मी दहा नंबरच्या सुईने साफ करत होते, तेवढ्यात मिस्त्री आले आणि कपाळाला हात लावून खाली बसले. त्या भोकात सुई घालायची नसते, भोक मोठं होतं आणि गाडी नुसतं पेट्रोल पिते. नायलॉनचा धागा घाला म्हणाले. म्हणजे तोही माझ्याच डब्यात होता.

इंजिन मात्र बसलेलंच होतं. प्लगच्या भोकातून तेल सोडायचं, चार दिवस तसंच ठेवायचं, मग गिअर टाकून मागचं चाक हाताने किंचित पुढे, किंचित मागे करायचं; जोर लावायचा नाही, रोज थोडं. हे सांगताना मिस्त्रींचा आवाज मला दवाखान्यातल्या माणसासारखा वाटला, कारण यांच्या उजव्या हाताबद्दल तिथे मला अगदी असंच सांगितलं होतं. सकाळी आधी यांचा हात घ्यायची. खांद्यापासून पुढे, मागे, मनगट, एकेक बोट. मग हात पुसून गाडीचं चाक धरायची. पुढे, मागे. अकराव्या दिवशी चाकाने आतून काहीतरी सोडल्यासारखं केलं आणि ते बोटभर फिरलं. मी तिथेच फरशीवर बसून रडले. चाक फिरलं म्हणून नाही. हात फिरला नव्हता म्हणून. हे म्हणाले, राहू दे.

लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी यांना विचारलं होतं, चहा करू का. हे म्हणाले, राहू दे. मी राहू दिला. हे तासभर तिथेच घुटमळले, वर्तमानपत्र दोनदा वाचलं, शेवटी चप्पल घालून बाहेर गेले. सासूबाईंनी मला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "अगं, त्याचं राहू दे म्हणजे हो समज. लहानपणापासून असाच आहे. मागून घ्यायचं त्याच्या जिवावर येतं." मी हसले होते. पुढे बरीच वर्षं तो आमच्यातला खेळच झाला. नवीन स्वेटर विणू? राहू दे. मी लोकर आणायची. स्टेशनवर घ्यायला येऊ? राहू दे. मी जायची, आणि गर्दीत मला शोधणारा यांचा चेहरा लांबून बघायची. माझ्यासाठी राहू दे हा शब्द तेव्हा फार गोड होता. तो कधी कडू झाला ते नेमकं सांगता येत नाही. काम वाढलं, लेकीचं शिक्षण, माझे गुडघे. कधीतरी मी दमून यांचा शब्द सरळ घ्यायला लागले. राहू दे ना, मग राहू दे. एवढं मोठं माणूस, हवं असेल तर तोंडाने मागेल. माझं काही चुकत नव्हतं. ज्याने जे म्हटलं तेच त्याला मिळत होतं.

मग तो नट आला. इंजिनाच्या डाव्या झाकणाखाली मॅग्नेटचं चाक असतं आणि त्याच्या मधोमध एक जाड नट. तो काढल्याशिवाय मागचे पॉइंट साफ होत नाहीत आणि ठिणगी पडत नाही. मिस्त्री त्या दोन दिवसांत भाचीच्या लग्नाला गेले होते. मी पाना लावला, पान्याच्या दांड्यावर पडद्याचा लोखंडी पाइप चढवला आणि सगळ्या अंगाने ओढलं. नट हलेना. तेल सोडलं, गरम पाण्याच्या चिंध्या गुंडाळल्या, पुन्हा ओढलं. हे खुर्चीत अस्वस्थ झाले. राहू दे, राहू दे. मी म्हटलं, होईल हो, बसा गप्प. डावा हात खुर्चीवर आपटायला लागले. राहू दे, राहू दे, राहू दे. मला वाटलं माझी दया येते आहे. मग वाटलं, काही नाही, नेहमीचंच, टिकटिक. दुसऱ्या दिवशी तर मी वैतागून यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली. सांगायलाही लाज वाटते. दुपारी मिस्त्री प्रवासातून परस्पर आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अहो वहिनी, हा उलट्या आट्याचा आहे. हा इकडे फिरवला की उघडतो. दोन दिवस तुम्ही घट्ट करत होतात." आणि पाना उलटीकडे लावून त्यांनी पाइपवर नुसता हात टेकला. नट सुटला. मग त्यांनी यांच्याकडे बघितलं, भिंतीकडे तोंड केलेल्या पाठीकडे, आणि सहज म्हणाले, "साहेबांना माहीत होतं की. हा नट आम्ही दोघांनी मिळून तीनदा तरी खोलला असेल."

माहीत होतं. हे मला दोन दिवस तेच सांगत होते, एकुलता एक शब्द होता तो वापरून, हात आपटून सांगत होते. मी खुर्ची फिरवून पुन्हा सरळ केली. यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मिस्त्री गेल्यावर मी मशीनवर बसले आणि एकही टाका घातला नाही. कारण यांच्या राहू देला अर्थ असतो, हे एकदा कबूल केलं की मग त्या सकाळच्या राहू देलाही अर्थ होता. आणि तो मला तेव्हाच माहीत होता, हे मी इतके महिने कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात विचारलं, आधी काही त्रास होत होता का. मी म्हटलं, नाही, अचानक झालं. लेकीलाही तेच सांगितलं. अचानक झालं नव्हतं. त्या सकाळी नऊच्या सुमाराला हे माझ्या मशीनशेजारी येऊन उभे राहिले, उजवा तळवा डाव्या हाताने चोळत. म्हणाले, हाताला मुंग्या आल्यात, जात नाहीत. मी विचारलं, दवाखान्यात जाऊ या का? हे म्हणाले, राहू दे. एका सभागृहाचे बावीस पडदे होते, चार वाजता माणूस न्यायला येणार होता, सात शिवायचे राहिले होते. राहू दे म्हटलेला माणूस निघून जातो. हे गेले नाहीत. तिथेच उभे राहिले, तळवा चोळत. मी मान वर केली नाही तरी पडद्याच्या कापडावर यांची सावली होती. सासूबाईंचे शब्द मला आठवले, खरंच आठवले. आणि मी मशीनवर पाय दाबला. सावली थोडा वेळ राहिली, मग गेली. साडेअकराला न्हाणीघराशी आवाज झाला.

त्यानंतर गाडीचं काम करणं अवघड झालं. आधी मला वाटायचं, आवाज ऐकून हे दुसरा शब्द बोलावेत. आता भीती वाटायला लागली, की बोलले आणि तेच बोलले तर. पॉइंट साफ केले, नखं घासायच्या कानशीनेच. दोन पॉइंटांतली फट पोस्टकार्डाच्या जाडीइतकी ठेवायची असते, ती ठेवली. वायर घातली, झाकणं लावली, डबे एकेक करून रिकामे झाले. प्रत्येक नटाला पाना लावण्याआधी मी यांच्याकडे बघायची. हे गप्प राहिले की बरोबर. राहू दे म्हणाले की थांबायचं आणि विचार करायचा. एकदा वायसर राहिला होता. एकदा मी झाकणाचे स्क्रू एका बाजूने ओळीने आवळत होते, हे म्हणाले, राहू दे, मग लक्षात आलं की समोरासमोरचे आवळायचे असतात, म्हणजे झाकण वाकडं बसत नाही. आम्ही इतकं बोललो नव्हतो गेल्या दहा वर्षांत. रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, आई, तुझा आवाज असा का येतोय. मी म्हटलं, गाडीचे भाग रॉकेलने धुते ना, त्या वासाने.

मिस्त्रींनी बजावलं होतं, पहिल्यांदा कपभरच पेट्रोल घाला, टाकीचा भरवसा नाही. बुधवारी सकाळी मी गाडी ढकलत मागच्या दाराबाहेर, कपडे वाळत घालायच्या मोकळ्या जागेत आणली, यांची खुर्ची उंबऱ्यापाशी. मिस्त्रींना मुद्दाम बोलावलं नाही. कपभर पेट्रोल घातलं, चोक ओढला आणि किक मारली. छप्पन्न वर्षांच्या बाईच्या पायाने मारलेली किक ती. पंधरा-वीस मारल्या. पोटरी भरून आली. हे म्हणाले, राहू दे. मी थांबले, विचार केला, चोक आत ढकलला. पुढच्या किकला ती खोकली. त्याच्या पुढच्या किकला चालू झाली.

तोच आवाज होता. थोडा घोगरा, पण गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा तोच. माझा हात आपोआप पदराकडे गेला, हात पुसून पातेलं चढवायला निघाल्यासारखा. मग मी यांच्याकडे बघितलं. हे डोळे मिटून बसले होते. मी वाट बघितली. पाच मिनिटं, सात मिनिटं. धुराने डोळे चुरचुरायला लागले. मी यांचा डावा हात उचलून टाकीवर ठेवला, टाकी थरथरत होती, यांचं मनगट थरथरायला लागलं. शब्द आला नाही. दुसरा नाही आणि पहिलाही नाही. तेव्हा मला कळलं की आवाज मला यांच्यासाठी नको होता. मला तो माझ्यासाठी हवा होता, त्याच्या आड लपून बोलायला. मी खुर्चीशेजारी खाली बसले आणि यांच्याकडे न बघता बोलत सुटले. इंजिनाच्या आवाजात मला माझंच बोलणं धड ऐकू येत नव्हतं. पडद्यांचं सांगितलं, कापडावरच्या सावलीचं सांगितलं, डॉक्टरांशी खोटं बोलले ते सांगितलं. आवाज मोठा होता म्हणून मीही मोठ्याने, जवळजवळ ओरडूनच बोलत होते, आणि मध्येच इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. कपभर पेट्रोल संपलं होतं. मी मात्र वाक्याच्या मध्यावर होते, ते थांबलं नाही.

"तुमचं राहू दे मला कळलं होतं," मी म्हणाले, आणि ते त्या शांततेत एवढं मोठं ऐकू आलं की वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली.

मी मान वळवून यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. यांच्या उजव्या डोळ्यातून तसंही सारखं पाणी येतं, ते मी दिवसातून दहा वेळा पुसते, त्याला काही अर्थ नसतो. आता डाव्याही डोळ्यातून येत होतं. यांनी तोंड उघडलं, ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. एवढी खटपट यांनी चमच्याच्या चित्रासमोरही केली नव्हती. मग ते सोडून दिलं. डावा हात टाकीवरून उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. त्याला पेट्रोलचा वास होता. माफ केलं म्हणून ठेवला की आधार हवा म्हणून ठेवला, ते मला ठाऊक नाही. विचारलं असतं तर उत्तर काय येणार होतं, ते ठाऊक होतं. आम्ही तसेच बसून राहिलो, इंजिन निवताना टिक टिक वाजत होतं.

मग मी उठले. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत उठले. रिकामी बाटली उंबऱ्यावर होती, ती उचलली.

"अजून पेट्रोल आणू का?" मी विचारलं.

"राहू दे," हे म्हणाले.

मी पायात चपला घातल्या आणि पेट्रोल आणायला निघाले.